नबी अजून आलेला नाही, एझ्राभाऊ

एझ्राभाऊ,

इतकी वर्षे मी लोकांचे अर्ज तोंडी सांगत आलो आणि तुम्ही ते टंकलिखित करत आलात. ठाण्याच्या न्यायालयाबाहेरील पत्र्याच्या शेडखाली माझे एकही वाक्य तुमच्या बोटांखालून गेल्यावाचून कोणत्याही साहेबापुढे उभे राहिले नाही. आज प्रथमच मी स्वहस्ते लिहीत आहे, आणि ज्यांच्यापुढे हे सादर करावयाचे ते तुम्हीच आहात. वर डाव्या बाजूस 'प्रति' लिहिले. त्याखाली तुमचे नाव लिहिले. त्याखाली पत्ता लिहिण्याची वेळ आली तेव्हा हात थांबला. पत्ता नसलेला अर्ज मी आजवर कधीही स्वीकारलेला नाही, हे तुम्ही जाणता. अशा पक्षकाराला मी सरळ परत पाठवत असे. सबब, ती ओळ रिकामी ठेवून पुढे लिहीत आहे. माझ्या व्यवसायात याहून मोठी नामुष्की नाही.

माझे शालेय शिक्षण नववीत खंडित झाले ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु अर्जाच्या भाषेत माझा हात धरील असा मनुष्य ठाणे जिल्ह्यात नाही, हेही तितकेच सर्वश्रुत आहे. या दुसऱ्या विधानावर तुम्ही हसत होतात, पण ते तुम्ही कधी खोडले नाहीत. खोडणार कोण आता? तुमच्या टेबलावर तुमचे यंत्र झाकलेले आहे. त्यावरचे कापड तुम्ही ज्या प्रकारे घडी घालून बसवले होते, तसेच ते आहे. त्याला हात लावू द्यायचा नाही, असे मी शेडमधील सर्वांना बजावले आहे.

तुम्ही, मी आणि मुद्रांक विकणारे हाशमभाई, असे तिघे त्या पत्र्याखाली केस पांढरे करत बसलो. तुम्ही बेने इस्राएल. फार जुन्या काळी कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेल्या यहुद्यांचे वंशज. तुमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. मी पास्कू, फिरंग्यांच्या काळात बाप्तिस्मा घेतलेल्या मिठागरवाल्यांच्या घरातला. हाशमभाई कल्याणचे, कोकणी मुसलमान. तिघांची मातृभाषा एक, चहाची किटली एक, आणि भांडण एक. ते भांडण आपण निकाली काढू शकलो नाही. आता त्यातील एक पक्षकार मयत झाला आहे. अशा वेळी दाव्याचे काय होते, ते मला चांगले ठाऊक आहे.

भांडणाची सुरुवात तुम्हाला आठवते का? आंबिवलीकडे समन्स बजावायला गेलेला एक बेलिफ फाटक्या सदऱ्याने आपल्या शेडमध्ये येऊन बसला होता. कोणी तरी त्याला बुकलले होते. त्याला चहा देता देता मी एक सिद्धांत मांडला. माझ्या मते तो सिद्धांत मूलभूत स्वरूपाचा होता. मी म्हणालो, "नबी म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, परमेश्वराचा अर्जनवीस."

"चूक," यंत्रावरची मान न उचलता तुम्ही म्हणालात. "अर्ज खालून वर जातो, पास्कू. नबी वरून खाली येतो. नबी म्हणजे हा." तुम्ही त्या बेलिफाकडे बोट दाखवलेत. "समन्स घेऊन येतो, दार वाजवतो, आणि लोक साहेबावरचा राग काढायला ह्याचाच सदरा फाडतात. आमच्या एकूण एक नबीचं हेच झालं."

"मग त्या नबीला रजा तरी मिळते का हो?" बेलिफाने विचारले.

"तोबा, तोबा," हाशमभाई मुद्रांकांची पेटी बंद करत म्हणाले. "एझ्राभाई, नबींना असल्या उपमा देऊ नका. एवढंच म्हणा, अल्लाने वेळोवेळी निरोप पाठवला. मूसांना दिला, ईसांना दिला, आणि शेवटचा निरोप आमच्या हजरतांना दिला. त्यांच्यानंतर नबी नाही. आता थेट हिशेबाचा दिवस."

"ईसा निरोप्या?" मी उसळलो. "अहो, ते साक्षात साहेब! साहेबच माणूस होऊन खाली आले आणि लोकांनी त्यांना क्रुसावर खिळलं!"

"खिळलंच नाही. अल्लाने त्यांना जिवंत वर उचलून घेतलं. मसीह तेच, हे आम्ही मानतो. पुन्हा उतरतील, हेही मानतो. पण पास्कूभाई, बंदे ते. अल्लाला मुलगाबिलगा नाही."

"ह्या दोघांचं मिटलं की मला उठव," तुम्ही बेलिफाला म्हणालात. "तोवर तू चहा पी."

त्यानंतर तुम्ही खुर्ची मागे सरकवून जो युक्तिवाद केलात, त्याला उत्तर देण्यात माझी पुढची अनेक वर्षे गेली. समोर न्यायालयाच्या फलकापाशी लोकांची झुंबड उडालेली होती. तुम्ही तिकडे पाहत म्हणालात, "ते बघ, पास्कू. भाऊ भावावर, नवरा बायकोवर, सोसायटी बिल्डरवर. मसीहा आला असता तर सगळ्यात आधी हे कोर्ट बंद पडलं असतं. तू, मी, हाशम, तिघंही बेकार. तू अजून अर्ज लिहितोस ना? मग नाही आला."

मी म्हणालो की पहिले आगमन आत्म्यांच्या तारणासाठी होते. न्यायनिवाडा दुसऱ्या आगमनाच्या वेळी.

"म्हणजे साहेब आले, हजेरी लावली आणि पुढची तारीख देऊन गेले?"

सगळी शेड हसली. बेलिफसुद्धा हसला. मी आमच्या पाद्रींकडे जाऊन यावर काय उत्तर द्यावे असे विचारले, तेव्हा त्यांनीही पुढच्या रविवारी या, असे सांगितले. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. आज सांगतो. तुम्हाला किती आवडली असती.

एझ्राभाऊ, तुमची एक सवय मी इतकी वर्षे पाहत होतो आणि तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. शेडमध्ये कोणीही शिरले, वकिलाचा कारकून असो, भाजीवाली असो, चुकून आलेला असो, तुम्ही यंत्र थांबवून चष्म्याच्या वरून पाहत होतात. क्षणभरच पाहत होतात. मग पुन्हा खटखट सुरू. प्रथम मला वाटले, गिऱ्हाईक कोणाकडे जाते यावर तुमची नजर आहे. पुढे तुमच्या कोपरीच्या घरी मलिद्याला आलो, तेव्हा उलगडा झाला.

सिपोरा, तुमची एकुलती एक लेक, इस्राएलला जायला निघाली होती त्यापूर्वी एलियाहू नबीच्या नावाने घातलेला तो नवसाचा मलिदा. समाजातल्या बायकांनी पोहे भिजवून त्यात साखर, ओले खोबरे आणि वेलची घातली होती. तबकाभोवती फळे मांडली होती, वर गुलाब ठेवले होते. भिंतीवर अग्निरथात बसून वर निघालेल्या एलियाहू नबीची तसबीर होती. हाशमभाईंच्या डोक्यावर त्यांची टोपी होतीच. माझ्या डोक्यावर तुम्ही रुमाल बांधलात. मग सर्व पुरुषांनी त्या नबीच्या नावाने गायला सुरुवात केली. हाशमभाई हळूच माझ्या कानात म्हणाले, "हे आमचे इल्यास. आमच्याकडेही त्यांना मान आहे." तुमच्या लोकांचा विश्वास असा की मसीहाच्या अगोदर एलियाहू येणार, आणि तोवर तो कोणत्याही वेषात कोणाच्याही दारात उभा राहू शकतो.

आणि नेमके त्याच वेळी दार वाजले.

गाणे थांबले नाही, परंतु तुम्ही उठलात. बसलेली माणसे ओलांडत तुम्ही स्वतः दाराशी गेलात. दार उघडले. बाहेर खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेतलेला एक घामाघूम मनुष्य उभा होता.

"या," तुम्ही म्हणालात. "आत या. बसा."

"काका, सही करा, पुस्तक द्या. खालच्या मजल्यावर अजून द्यायचेत."

"सही होईल. आधी बसा."

तुम्ही त्याच्या खांद्यावरचा सिलिंडर स्वतः उतरवून घेतलात, त्याला तुमच्या आसनावर बसवलेत, आणि तबकातला पहिला वाटा त्याच्या हातावर ठेवलात. सगळा समाज पाहत होता. तो बिचारा भांबावून गेला होता. तरी खाल्ले त्याने. खाऊन झाल्यावर बोटे पुसत म्हणाला, "चांगलं आहे. खोबरं जरा जास्त पडलंय."

नंतर कितीतरी दिवस मी तुम्हाला सोडले नाही. शेडमध्ये येताच मी विचारत असे, "काय एझ्राभाऊ, नबी रिकामा सिलिंडर परत न्यायला आले होते का?" तुम्ही चिडला नाहीत. एकदा फक्त एवढेच म्हणालात, "हस बाबा. पण समज, तो असता आणि मी दारातच सही करून त्याला वाटेला लावलं असतं तर?"

सिपोरा गेली. दर आठवड्याला तिचा फोन येत असे आणि तुम्ही तो शेडमध्येच घेत होतात. आवाज मोठा ठेवल्यामुळे आम्हालाही ऐकू येत असे. "बाबा, या ना इकडे. तिथे कोण आहे तुमचं?" तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणत होतात, "इथं एक पास्कू म्हणून आहे. त्याला सोडून आलो तर तो सगळ्या कोर्टाला बाटवील."

मी मात्र तुमच्याशी तात्त्विक पातळीवर बोललो. "मसीहा येणार यरुशलेमला. मुलगी बोलावते तिकडे. मग तुम्ही कोपरीत काय करता? स्थळाच्या दृष्टीने तुमची बाजूच कमकुवत आहे."

"मसीहा तिकडे येईल. पण एलियाहू आधी येणार ना? आणि त्याला कोकणचा रस्ता माहीत आहे." मग तुम्ही अलिबागकडच्या त्या खडकाविषयी सांगितलेत. तिथून एलियाहूचा रथ आकाशात गेला, त्याची खूण दगडावर उमटली आहे आणि तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे नवस फेडायला जातात, असे तुम्ही सांगितलेत. "एकदा आलेला माणूस ओळखीच्या वाटेनेच येतो. सगळेच निघून गेलो आणि तो कोपरीत आला, तर दार कोण उघडणार?"

मी म्हणालो की आमच्या मताप्रमाणे एलियाहूही येऊन गेला. बाप्तिस्मा देणारा योहान हा त्याच्याच सामर्थ्याने आला होता, असे प्रभूनेच सांगितले आहे.

"तोही आला? अरे, तुमच्याकडे सगळेच येऊन गेले. मग राहिलंय काय?"

"परत येणं," मी म्हणालो.

यावर तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसलात. मग म्हणालात, "तुझं सोपं आहे, पास्कू. हाशमचंही सोपं आहे. तुमचा येऊन गेलेला आहे. तुम्ही ओळखीच्या माणसाची वाट बघता. माझं अवघड. मला प्रत्येकाकडे बघावं लागतं."

मी त्या वेळी मान डोलावली. माझी बाजू सरस असल्याचे तुम्ही मान्य केलेत, असेच मला वाटले. घरी जाऊन ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगितली.

आता मी त्या दुपारकडे येतो. तिच्याकडे यायचे नव्हते म्हणूनच इतके सारे लिहिले.

कल्याणच्या इस्पितळात तुम्हाला हाशमभाईंच्या ओळखीने खाट मिळाली होती. श्वास लागत होता. डोळ्यांना नीट दिसेनासे झाले होते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून, मुलीला कळवा, असे सांगितले. सिपोराला मिळाले ते पहिले विमान तिने धरले होते. हाशमभाई खाली औषध आणायला गेले होते. मी खाटेशेजारी बसलो होतो. खोलीबाहेरच्या वाटेवर सतत कोणी ना कोणी चालत होते, आणि प्रत्येक वेळी पावले वाजली की तुम्ही उशीवरून मान उचलत होतात. मानेत त्राण नव्हते. तरी उचलत होतात.

"सिपोरा निघाली आहे, एझ्राभाऊ," मी म्हणालो. "विमानात बसली आहे."

"ती येईल," तुम्ही म्हणालात. "तिला काय, तिकीट काढलं की येता येतं. मी तिचं विचारत नाही." मग माझ्या मनगटावर तुमचा हात आला. यंत्रावर आपटून आपटून टणक झालेली ती बोटे. "पास्कू, नबी आला का रे?"

आयुष्यभर मी इतरांची प्रतिज्ञापत्रे लिहिली. प्रत्येकाच्या अखेरीस, वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा आहे, असे लिहिले. त्या क्षणी माझी माहिती व समजूत एकच होती: आला. योहानाच्या रूपाने नबी आला, त्याच्यामागून मसीहा आला, हेच मी लहानपणापासून गुडघे टेकून म्हणत आलो आहे. हेच मी त्या शेडमध्ये तुमच्याशी भांडत आलो आहे. 'आला' म्हणालो असतो तर माझ्या धर्माप्रमाणे ते खोटे ठरले नसते. पण तुम्ही माझ्या योहानाविषयी विचारत नव्हतात. तुम्ही तुमच्या एलियाहूविषयी विचारत होतात, जो दारात उभा राहायचा होता. तुम्हाला दिसत नव्हते, म्हणून तुम्ही मला दाराकडे पाहायला सांगत होतात. मी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते.

"येतोय, एझ्राभाऊ," मी म्हणालो. "वाटेत आहे."

"म्हणजे नाही आला."

एझ्राभाऊ, तुमच्यापुढे शब्द फिरवून कधी चालले आहे का? माझे पल्लेदार वाक्य ऐकून तुम्ही विचारत होतात, 'म्हणजे काय?' आणि तेवढेच टंकलिखित करत होतात.

"अजून नाही," मी म्हणालो.

तुम्ही माझे मनगट सोडलेत. डोके उशीवर टेकलेत. थोड्या वेळाने पुन्हा पावले वाजली. औषधांची गाडी ढकलत एक परिचारिका दारापाशी येऊन थांबली. तुम्ही मान उचलली नाहीत. त्यानंतर कितीतरी जण आले आणि गेले. हाशमभाई औषध घेऊन परतले. तुम्ही कोणासाठीही मान उचलली नाहीत. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेले, तेवढ्यात केव्हा तरी तुमचा श्वास थांबला. तो थांबल्याचे प्रथम हाशमभाईंना कळले. मी दाराकडेच पाहत होतो.

तुमच्याकडे मृतास ताटकळत ठेवत नाहीत. त्याच संध्याकाळी तुमच्या लोकांनी तुम्हाला स्नान घालून पांढऱ्या कापडात गुंडाळले. पवित्र भूमीतली चिमूटभर माती तुमच्या डोळ्यांवर घातली गेली. जिथे जायला तुम्ही नकार देत राहिलात, ती भूमी शेवटी पुडीत बांधून तुमच्यापाशी आली. तुमच्या समाजाची माणसे आता किती थोडी उरली आहेत, हे मला त्या कब्रस्तानात उभे राहिल्यावर कळले. सगळेच गेले आहेत. दार उघडायला म्हणून तुम्ही तेवढे थांबला होतात. तेच दार मी तुमच्या तोंडावर लावले, असे मला वाटते. कोणी कितीही समजावले तरी तसेच वाटते.

सिपोरा दुसऱ्या दिवशी पोहोचली. कोपरीच्या घरात, त्या तसबिरीखाली, ती जमिनीवर बसली होती. तिने मला विचारले, "काका, बाबा शेवटी काय बोलले?" मी जसे घडले तसे सांगितले.

तिने वर तसबिरीकडे पाहिले. मग म्हणाली, "काका, 'आला' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? त्यांना थोडंच दिसत होतं?"

हाशमभाई माझ्या बाजूने बोलले. "बेटी, ह्यांच्या धर्मात तो आलेलाच आहे. त्यावर हे आमच्याशी जन्मभर भांडले. तरी तुझ्या बाबांपुढे हे 'अजून नाही' म्हणाले. स्वतःचं ईमान बाजूला ठेवून बोलले. दोस्तासाठी माणूस ह्याहून जास्त काय करणार?"

हाशमभाईंचे शब्द मोठे होते. सिपोराने माझ्या हातावर हात ठेवला. परंतु मला त्या शब्दांचा काहीही उपयोग झाला नाही. मी स्वतःचे ईमान बाजूला ठेवले आणि तुमचेही संपवले. मग उरले कोणाचे? जिन्यातून उतरताना मी हाशमभाईंना विचारले, "तुम्ही काय म्हणाला असतात?" ते एक-एक पायरी उतरत राहिले. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "मी बरा खाली औषधाच्या रांगेत होतो."

तुमच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची प्रार्थना, करावी म्हणून मी आमच्या पाद्रींकडे गेलो. ते म्हणाले, अवश्य करू. मीच तयार झालो नाही. तुमचा आवाज कानात आला: "काय रे, मी गेल्यावर मला बाटवतोस?" मग मी एकटाच मागच्या बाकावर बसलो. पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांवर माझा विश्वास आहे, असे म्हणू लागलो. जिभेने म्हटले. आपण तिघे तीन दिशांना तोंड करून बसलेली माणसे. कोणत्या दारातून कोण कुठे जातो, पुढे भेट होते किंवा नाही, याचा कोणताही आदेश माझ्या हाती नाही. आहेत ते तीन अर्ज, तिन्ही प्रलंबित. एरवी मी पक्षकाराला धीर देतो की प्रलंबित म्हणजे फेटाळलेला नव्हे. हे वाक्य मी आता कोणालाही सांगत नाही.

तुम्ही मला दिलेत ते पुष्कळ दिलेत. माझ्यासारख्या नववी नापासाशी परमेश्वराच्या विषयावर बरोबरीने भांडणारा दुसरा मनुष्य मला मिळाला नाही. माझे कितीतरी पक्षकार माझ्या अर्जांमुळे नव्हे, तर तुम्ही मान वर करून त्यांच्याकडे एकदा पाहिलेत म्हणून शेडमध्ये टेकत होते. ते मला दिसत होते. ते मी कबूल केले नाही, कारण माझी ख्याती माझ्या भाषेवर उभी आहे असे मी सर्वांना सांगत होतो.

एका विधानापुरती मला माझी साक्ष बदलायची आहे. ओळखीच्या माणसाची वाट पाहणे सोपे असते, असे तुम्ही म्हणाला होतात आणि मी ते मान्य केले होते. ती माझी संमती मी मागे घेतो. गेले काही दिवस शेडमध्ये पावले वाजली की मान वर होते. माझी मान, एझ्राभाऊ. आणि पहिल्या पावलालाच कळते की हे तुम्ही नव्हे. तुमची चप्पल, तुमचा खोकला, दारात वाकून शिरण्याची तुमची तऱ्हा, सगळे मला पाठ आहे; म्हणून येणारा प्रत्येक जण येण्याच्या आधीच नाकारला जातो. तुमच्या दृष्टीने निदान प्रत्येक जण तो नबी असू शकत होता. सिलिंडरवालासुद्धा. अवघड काय होते, ते तुम्हाला ठाऊक नव्हते.

आज हे लिहीत असतानाच एक मनुष्य आत आला. नौपाड्यातल्या कोणत्या तरी भाडेकरूचा वाद आहे. त्याने तुमच्या झाकलेल्या यंत्राकडे पाहिले आणि मला विचारले, "ते टायपिंगवाले काका आले का?"

हाशमभाईंनी माझ्याकडे पाहिले. सांगायचे वाक्य तयार होते. असली वाक्ये मी शेकडो अर्जांत लिहिली आहेत. मयत, दिनांक, वारस. तोंड उघडले, आणि बाहेर आले ते असे: "अजून नाही."

"बरं," तो म्हणाला. "मग थांबतो मी." आणि तुमच्या टेबलासमोरचा स्टूल ओढून, कागद मांडीवर घेऊन बसला.

एझ्राभाऊ, तो अजून बसलेला आहे. बाहेर पावले वाजली की तोही मान वर करतो. मी त्याला उठवलेले नाही.

आपला,
पास्कू